साईनाथचं पाणी

गॅलरीतल्या मातीच्या गाडग्याला कुणी हात लावायचा नाही असा कलावतीचा हुकूम होता, आणि तिचा हुकूम मोडायची त्या घरात कुणाची छाती नव्हती. घर तरी केवढं? टिटवाळ्याच्या नव्या बिल्डिंगमधला दुसऱ्या मजल्यावरचा वन-बीएचके. माणसं तीन. कलावती, तिची सून शिवानी आणि आठ वर्षांची नात उर्वी. चौथा साईनाथ, कलावतीचा एकुलता एक मुलगा, गणपती गेले आणि आठवड्याभरात डेंग्यूनं गेला. गाडग्यातलं पाणी त्याच्यासाठी होतं.

माणूस गेला की त्याला जिथे निजवलं होतं तिथे दिवा लावायचा आणि शेजारी पाणी ठेवायचं, ही रीत बहुतेक घरांत आहे. कलावतीच्या माहेरी, राजापूरकडच्या एका वाडीत, त्या रीतीला एक पुस्ती जोडलेली होती. ते पाणी रोज ओतून नवं भरायचं नाही. जेवढं कमी होईल तेवढीच वरून भर घालायची. कमी झालं म्हणजे गेलेलं माणूस येऊन पिऊन गेलं, असा त्याचा अर्थ. आता मातीचं गाडगं पाझरतं हे कलावतीला कळत नव्हतं असं नाही. जन्मभर तिनं माठातलं पाणी प्यायलं होतं. पण काही गोष्टी माणूस कळूनही बाजूला सारतो, आणि तिनं ही पार मागे सारली होती.

तेराव्याला गुरुजींनी दिवा उचलायला सांगितला आणि पाणी तुळशीत ओता म्हणाले. कलावतीनं दिवा उचलला. गाडगं मात्र दोन्ही हातांनी धरून गॅलरीत नेलं आणि तुळशीच्या कुंडीमागे सावलीला ठेवलं. कल्याणहून आलेला तिचा दीर दगडू हे बघत होता.

"वहिनी, हे बरोबर नाही. अशानं तो इथेच अडकून राहील," तो म्हणाला.

"मग राहू दे की," कलावती म्हणाली. "कुणाला जड झालाय?"

दगडूनं चपला घातल्या आणि गेला.

नंतर ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं. पाणी भराभर कमी व्हायचं. सकाळी कलावती गाडग्यात डोकावायची, बोटानं ओलीची रेघ चाचपायची आणि मनाशी म्हणायची, आज लई तहान लागली होती वाटतं. मग तांब्यातून हळूच भर घालायची, त्याच्याशी दोन शब्द बोलायची, आणि त्यानंतरच तिच्या घशाखाली घास उतरायचा. पप्पा पाणी प्यायला येतात, असं तिनं उर्वीलाही सांगितलं होतं. दुपारी उर्वी शाळेतून आली की तीही तिथेच जाऊन बसायची. गृहपाठ गॅलरीत, डबा गॅलरीत. "पप्पा, आज माझा भागाकार बरोबर आला," असं ती गाडग्याकडे तोंड करून सांगायची, आणि आजी आतून ऐकायची. तेवढ्यापुरतं घर भरल्यासारखं वाटायचं. शिवानी कल्याणला एका औषधाच्या दुकानात कामाला होती, ती यायची अंधार पडल्यावर.

साईनाथ गेला त्याची गोष्ट कलावती कुणाला सांगत नसे, कारण तिला ती सोसत नव्हती. तो लिफ्टचा मेकॅनिक होता. घोडबंदर रोडच्या उंच उंच टॉवरांतल्या लिफ्ट बंद पडल्या की त्याला बोलावणं यायचं. अंगात ताप भरला म्हणून तो घरी राहिला, गोळ्या घेतल्या, आणि एका सकाळी ताप उतरला. अंग गार लागलं. कलावतीनं देवापुढे साखर ठेवली. ताप उतरला म्हणजे माणूस बरा झाला, हे ती तिच्या आईकडून शिकली होती आणि तिची आई तिच्या आईकडून. तिनं स्वतः त्याला डबा भरून दिला, भेंडीची भाजी आणि चार चपात्या. पोट दुखतंय असं तो म्हणाला होता. कलावती म्हणाली, रिकाम्या पोटी दुखणारच, खा नीट म्हणजे थांबेल. दुपारी तो लिफ्टच्या खोलीत कोसळला. डेंग्यूत खरा धोका ताप उतरताना सुरू होतो, हे तिला हॉस्पिटलच्या दारात एका तरुण डॉक्टरनं सांगितलं. तोवर सांगण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

एवढा राग कुठे ठेवणार? तिनं तो गटारावर ठेवला. बिल्डिंगच्या मागून उघडं गटार वाहत होतं, आणि त्याच्यापलीकडे नव्या टॉवरसाठी खणलेला खड्डा पाण्यानं भरला होता. बिल्डिंगमध्ये आणखी तीन घरांत डेंग्यू झाला होता, आणि सगळ्यांचं बोट गटाराकडेच होतं. कलावतीनं बायका जमवल्या. पालिकेच्या ऑफिसात जाऊन खुर्चीतल्या माणसाला असं फैलावर घेतलं की चहा मागवून तिला बसवावं लागलं. गटार उपसलं गेलं, त्यात औषध पडलं, संध्याकाळी धुराची गाडीही येऊन गेली. पांढऱ्या धुरात उभी राहून ती खोकत होती आणि तिला बरं वाटत होतं. मुलाचा सूड उगवल्यासारखं.

त्यानंतरच्या रविवारी पालिकेच्या दोन बायका घरोघरी पाणी तपासायला आल्या. त्यातली मोठी केशरबाई. सकाळपासून जिने चढून दमलेली, बॅटरी हातात धरून तिनं बाथरूमचं पिंप बघितलं, फ्रिजच्या मागचा ट्रे उपसून बघितला, आणि बघता बघता रोजचं भाषण सुरू केलं. त्यात ना जोर होता ना उत्साह. शंभर दारांत बोलून शब्द गुळगुळीत झालेले.

"गटारातला डास वेगळा, आजी. तो क्युलेक्स, रात्री चावतो, त्यानं हत्तीरोग होतो. विहिरी, बांधकामाच्या टाक्या, तिथला ॲनोफिलीस. त्याचा मलेरिया. डेंग्यूचा तो एडिस. अंगावर पांढरे पट्टे असतात. तो गटारात नाही राहत, घरातल्या स्वच्छ पाण्यात राहतो आणि दिवसा चावतो. भांड्याच्या कडेला, पाण्याच्या जरा वर अंडी चिकटवतो. पाणी चढलं की फुटतात. नुसतं ओतून भागत नाही, भांडं घासायला लागतं. सुकली तरी मरत नाहीत अंडी, महिनोन्महिने तशीच राहतात."

"चांगल्या पाण्यात कसला आलाय रोग?" कलावती म्हणाली. "त्या गटारात उतरून बघा जरा. गोरगरिबाच्या घरातली पिंपं कसली बघताय?"

केशरबाई हसली नाही की चिडली नाही. "गॅलरी बघू," म्हणाली.

कलावती गॅलरीच्या दारात जाऊन उभी राहिली. "तिकडे देवाचं आहे. सोवळ्यातलं. परक्यानं जायचं नाही."

ओट्याशी शिवानी उभी होती. ती काहीतरी बोलायला वळली, सासूकडे बघितलं, आणि परत कुकरकडे वळली. केशरबाईनं बॅटरी बंद केली. देवाचं म्हटलं की पुढे जायचं नाही, हे त्या कामात पहिल्याच आठवड्यात कळतं. दोघी पुढच्या दाराला गेल्या, आणि कलावतीनं गाडग्यात भर घातली.

त्याच आठवड्यात उर्वीला ताप आला. शाळेतून आली ती दप्तर न काढता पलंगावर आडवी झाली आणि डोळे दुखतात म्हणाली. शिवानीनं दुसऱ्याच दिवशी रक्त तपासून घेतलं. डेंग्यूच निघाला. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, बहुतेक मुलं घरीच बरी होतात, पाणी पाजत राहा, लक्ष ठेवा. घाबरू नका म्हणायला त्यांचं काय जातं? दोघी बायका आळीपाळीनं पोरीच्या उशाशी बसल्या. एकीनं कपाळावर घड्या ठेवायच्या, दुसरीनं चमच्यानं नारळपाणी पाजायचं. एकमेकींशी बोलायची दोघींनाही भीती वाटत होती, कारण बोलणं निघालं असतं तर ते साईनाथवरच गेलं असतं.

मग एका सकाळी उर्वीचं अंग गार लागलं. शिवानीनं थर्मामीटर दोनदा लावून बघितला आणि तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी थोडं हसू आलं. "उतरला, आई."

"पोटात दुखतंय," उर्वी म्हणाली.

कलावतीच्या हातातली वाटी खाली पडली. "रिक्षा बोलव," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. उतरला म्हणूनच चल."

कल्याणच्या हॉस्पिटलात उर्वीला दाखल करून घेतलं. रक्तातल्या प्लेटलेट पेशी झपाट्यानं उतरत होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आणलंत. आता पुढचा दीड-दोन दिवस महत्त्वाचा, तो निघाला की मुलगी आपली. कलावतीनं त्यातलं 'निघाला की' एवढंच ऐकलं. पोरीच्या हाताला सलाईन लागलं, ओठ सुकले होते, आणि ती इतकी शहाण्यासारखी पडून होती की कलावतीला ते बघवेना. उर्वी कधीच शहाण्यासारखी पडून राहत नसे.

दुपारी कपडे आणायला कलावती घरी आली. खरं तर कपडे शिवानीच्या मैत्रिणीनं आणले असते. कलावतीला यायचं होतं ते साईनाथकडे. कुलूप काढलं ती थेट गॅलरीत गेली, तुळशीपाशी मांडी घालून बसली आणि गाडगं जवळ ओढलं.

"तुझी लेक आहे," ती म्हणाली. "मी काही मागितलं नाही तुझ्याकडे आजवर. तिला तेवढी ठेव इथे. तुला सोबत पाहिजे तर मला ने, मी येते. पण तिला बोलवू नकोस."

बोलता बोलता ती गाडग्यावर वाकली. एरवी कुंडीच्या सावलीत असलेल्या पाण्यात आज ती गाडगं पुढे ओढून बसल्यामुळे ऊन पडलं होतं, थेट तळापर्यंत. आणि पाणी हलत होतं.

आधी तिला वाटलं, आपले डोळे भरून आलेत म्हणून हलतंय. तिनं पदरानं डोळे पुसले. पाण्यात बारीक बारीक काळसर किडे होते, पंधरा-वीस तरी. शेपटाकडून पाण्याला टांगलेले. तिची सावली पडली की वळवळत तळाशी जायचे आणि पुन्हा वर यायचे. काही गोळा होऊन स्वल्पविरामासारखे वाकले होते. गाडग्याच्या आतल्या कडेला, ज्या रेघेवरून ती रोज सकाळी बोट फिरवायची त्याच रेघेवर, काळे ठिपके चिकटलेले होते. तिनं ते शेवाळ समजून सोडून दिले होते. तेवढ्यात तिच्या मनगटावर एक डास येऊन बसला. भर दुपारी. पायांवर पांढरे पट्टे. तिनं त्याला मारलं नाही; नुसती बघत राहिली, आणि तो आपलं काम करून उडून गेला.

केशरबाईचं भाषण आता तिला शब्दन् शब्द आठवलं. पाणी चढलं की फुटतात. रोज सकाळी हातानं पाणी चढवलं होतं ते तिनंच. उर्वी रोज दुपारी उघड्या पायांनी ह्याच गाडग्याशेजारी बसायची. ह्याच पाण्यातला डास पोरीला चावला की आणखी कुठला, हे कुणाला सांगता येणार नव्हतं. कलावतीला ते कुणाला विचारायचंही नव्हतं.

आता ओतायचं, एवढंच काम होतं. पण हात उठेना. पाणी ओतलं की साईनाथ घरातून गेला, असं तिच्या मनानं महिनाभर स्वतःला बजावून ठेवलं होतं. मनाला आपणच घातलेली गाठ वेळेवर सुटत नाही. ती कितीतरी वेळ गाडग्याच्या दोन्ही बाजूंना हात लावून बसली. त्याला लहानपणी न्हाऊ घालताना असंच डोकं धरायची ती. शेवटी ती मोठ्यानं म्हणाली, "बाबा, पोरगी तिकडे पडलीय रे," आणि गाडगं आडवं केलं.

पाणी तापलेल्या लादीवर पसरलं. किडे थोडा वेळ तडफडले, मग लादी सुकत गेली तसे एकेक करून निपचित झाले. कलावतीनं नजर हलवली नाही. सगळे मेल्यावर तिनं घासणी आणली, गाडगं आतून घासलं, धुतलं, पुन्हा घासलं. पण खरबरीत माती ती. ठिपके काही सगळे जाईनात. सुकली तरी मरत नाहीत, असं ती बाई म्हणाली होती.

स्मशानात मडकं फोडतात. साईनाथला मुलगा नव्हता म्हणून ते दगडूनं फोडलं होतं, आणि बायका घरीच होत्या. कलावतीनं तो आवाज ऐकला नव्हता. तिनं गाडगं पदराखाली घेतलं, जिना उतरून बिल्डिंगच्या मागे गेली, आणि कुंपणाच्या दगडावर दोन्ही हातांनी आपटलं. एका फटक्यात फुटलं. तुकडे तिनं वेचले, कागदावर घेऊन थोड्या काटक्यांवर ठेवून जाळात भाजले आणि राखेसकट मातीत पुरले. वॉचमननं लांबून बघितलं, पण त्या बाईला काही विचारायची त्याची हिंमत झाली नाही.

ती हॉस्पिटलात परत आली तेव्हा शिवानी पोरीच्या कॉटशेजारी स्टुलावर बसली होती. उर्वीला झोप लागली होती. कलावती उभीच राहिली. कपड्यांची पिशवी आणायची ती विसरली होती.

"शिवानी, गाडग्यात किडे होते," ती म्हणाली. "डासांचे. माझ्या हातानं मी पाळले. त्या बायकांना मी आत सोडलं नाही. सोवळं सांगितलं खोटंच. काय बोलायचं ते बोल मला."

शिवानीनं मान खाली घातली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "मला दिसले होते, आई."

"काय?"

"त्या बायका यायच्या आदल्या दिवशी. कपडे वाळत घालताना. मी दुकानात औषधं विकते, मला कळत नाही का ते? ओतणार होते मी. तांब्या पण बाजूला ठेवला. तेवढ्यात तुम्ही आलात नि त्याच्याशी बोलायला बसलात." तिचा आवाज बारीक झाला. "तुम्ही त्याच्याशी बोलल्याशिवाय जेवत नव्हता ना. मला वाटलं, ओतलं तर तुम्ही पण जाल. म्हटलं, आज नको, उद्या बघू. त्या बायका आल्या तेव्हा पण तोंडापर्यंत आलेलं. नाही बोलले."

कलावतीला राग आला नसता तर ती कलावती कसली? तो आला, पायापासून डोक्यापर्यंत आला. आई आहेस की कोण, असं ओरडायला तिनं तोंड उघडलं. समोरची पोरगी अठ्ठाविसाव्या वर्षी नवरा गमावून बसली होती. एवढ्या दिवसांत तिच्या डोळ्यांतून पाणी आलेलं कलावतीनं बघितलं नव्हतं. का बघितलं नव्हतं? कारण घरात रडायची सगळी जागा कलावतीनंच व्यापली होती. तिचं दुःख सांभाळता सांभाळता ह्या पोरीनं स्वतःचं गिळलं, आणि शेवटी लेकीपर्यंत आलेलं संकटही गिळलं. कलावतीला स्वतःची एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"माझ्या पोटची असतीस तर थोबाडीत दिली असती तुझ्या," ती म्हणाली.

"द्या," शिवानी म्हणाली.

कलावती पुढे झाली आणि तिनं शिवानीचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. "पुन्हा माझं मन राखत बसू नकोस," ती म्हणाली. "मोडलं तर मोडू दे. म्हातारीचं मन ते, किती राखशील? आणि हे कुणाला सांगायचं नाही. दगडूभाऊजींना नाही, तुझ्या आईला नाही. तू काही बघितलं नाहीस. पाणी मी ठेवलं होतं."

शिवानी रडायला लागली. आवाज येऊ नये म्हणून तिनं सासूच्या लुगड्यात तोंड खुपसलं, तरी शेजारच्या कॉटवरच्या बाईनं मान वळवलीच. कलावतीनं तिच्याकडे असं बघितलं की तिनं मान पुन्हा फिरवली.

तो दीड-दोन दिवस कसा गेला ते सांगण्यात अर्थ नाही. ज्यांनी काढलाय त्यांना माहीत आहे. दर रक्ताच्या रिपोर्टाला दोघींचा जीव टांगणीला लागायचा. पेशी आणखी उतरल्या, मग थांबल्या, आणि मग एका सकाळी डॉक्टरीणबाई आल्या त्या हसतच आल्या. पेशी चढायला लागल्या होत्या. दुपारी उर्वीनं वरणभात मागितला आणि अर्धा सांडला. संध्याकाळी सलाईन काढलं.

हात मोकळा झाल्यावर उर्वी उशीला टेकून बसली आणि आजीकडे बघून म्हणाली, "पप्पांच्या पाण्यात कोण भर घालतं आता? तू तर इथेच असतेस."

शिवानीनं घाईघाईनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. कलावतीनं तिला हातानं थांबवलं. कॉटच्या कडेला बसून तिनं नातीचे दोन्ही पाय मांडीवर घेतले. पायांवर अजून लाल पुरळ होतं.

"कुणी नाही घालत," ती म्हणाली. "मी ते ओतून टाकलं."

"मग पप्पांना तहान लागली तर?"

"नाही लागत, बाळा. त्यांना आता तहान नाही लागत." पुढचं वाक्य साईनाथ गेल्यापासून तिनं कुणापुढे उच्चारलं नव्हतं. दगडूपुढे नाही, गुरुजींपुढे नाही, एकटीनं स्वतःशीही नाही. "पाणी उन्हानं आटत होतं. पप्पा येत नव्हते. पप्पा गेले. मी तुला खोटं सांगितलं."

उर्वीनं आधी तिच्याकडे बघितलं, मग आईकडे. आई काही वेगळं सांगते का ते ती बघत होती. शिवानीनं नुसती मान हलवली. मग पोरीचा चेहरा वाकडा झाला आणि ती मोठ्यानं रडायला लागली, साऱ्या वॉर्डात ऐकू जाईल अशी. नर्स धावत आली, काय दुखतंय म्हणून विचारायला लागली.

"काही नाही," कलावती म्हणाली. "बाप गेलाय तिचा. रडू दे तिला."